दुसऱ्याच्या हातातली साडी

मागच्या वर्षी लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साडीच्या दुकानात मी तीन तास बसून होतो. घरात लग्न होतं, आत्याला साडी घ्यायची होती आणि मला पिशव्या सांभाळायच्या होत्या. गादीवर चाळीसेक साड्यांचा ढीग झाला होता. त्यात एक वांगी रंगाची, बारीक बुट्ट्यांची होती. आत्याने ती दोनदा बाजूला सारली. "वांगी रंग रात्री काळा दिसतो," असा निकालही देऊन टाकला.

तेवढ्यात शेजारी एक बाई येऊन टेकल्या. त्यांनी ढिगातून नेमकी तीच साडी ओढली, पदर खांद्यावर टाकला आणि आरशात पाहिलं. आत्या बोलता बोलता थांबली. मग दुकानदाराकडे झुकून हळूच म्हणाली, "त्यातली आणखी एक असेल का हो?"

"एकच पीस आहे, मावशी."

झालं. पुढची वीस मिनिटं आत्याने समोर आलेली एकही साडी धड पाहिली नाही. डोळा सगळा त्या पदरावर. शेवटी त्या बाईंनी साडी खाली ठेवली आणि त्या दुसऱ्या गादीकडे गेल्या. आत्याने लगेच ती ओढून घेतली, उलटसुलट केली, काठ चिमटीत धरून पाहिला आणि म्हणाली, "जवळून बघितली तर एवढी काही नाही."

आत्याला हसण्यात अर्थ नाही, कारण मी मोबाइल घेतो तेव्हा असंच करतो. प्रश्न एवढाच की त्या वीस मिनिटांत साडीत काय बदललं? धागा तोच, रंग तोच, किंमत तीच. बदललं ते इतकंच, की ती दुसऱ्या कोणाला तरी हवी होती.

या एका गोष्टीवर रने जिरार नावाच्या फ्रेंच विचारवंताने अख्खं आयुष्य घालवलं. जन्म १९२३ चा, आव्हिन्याँ या गावचा. १९४७ मध्ये तो अमेरिकेत गेला, तिथे साहित्य शिकवू लागला आणि पुढे बरीच वर्षं स्टॅनफर्ड विद्यापीठात होता. मोठ्या कादंबऱ्या शिकवता शिकवता त्याच्या लक्षात आलं की त्यांतल्या पात्रांना स्वतःहून क्वचितच काही हवं असतं. डॉन किहोतेला शूर सरदार व्हायचं असतं, कारण त्याने आमादिस नावाच्या सरदाराच्या गोष्टी वाचलेल्या असतात. १९६१ साली जिरारने हे पुस्तकरूपाने मांडलं. एरवी आपण इच्छेची सरळ रेघ काढतो. या टोकाला मी, त्या टोकाला साडी. जिरार म्हणतो, रेघ नाही, त्रिकोण आहे. तिसऱ्या कोनावर कोणीतरी बसलेलं असतं, त्याच्याकडे बघून आपण काय हवं ते ठरवतो, आणि गंमत म्हणजे नेमका तोच कोन आपल्याला दिसत नाही. आत्याला विचारलं असतं तर तिने रंगाबद्दल सांगितलं असतं, शेजारच्या बाईंबद्दल नाही.

यावर लगेच एक शंका येते. भूक लागते ती काय शेजाऱ्याकडे बघून? जिरारही तसं म्हणत नाही. भूक, तहान, झोप या शरीराच्या गरजा, त्यांना कोणाचं बघावं लागत नाही. भूक पोटाची, पण मिसळ कोणत्या दुकानात खायची हे पोट सांगत नाही, बाहेरची रांग सांगते. जगण्याच्या गरजा भागल्या की माणसाला काहीतरी हवं असतं आणि नेमकं काय ते कळत नसतं. म्हणून तो इकडेतिकडे बघतो. आपण ज्याला 'माझी आवड' म्हणतो तिचा बराचसा भाग या बघण्यात घडलेला असतो.

जिरारचा मला सर्वांत पटलेला मुद्दा अंतराचा आहे. आपण ज्याची नक्कल करतो तो लांबचा असला तर धोका नसतो. मुंबईत कोणी सत्तावीस मजली घर बांधलं म्हणून आपली झोप उडत नाही. आपण फोटो बघतो आणि पुढे जातो. चुलत भावाने स्लॅब टाकला की मात्र उडते. लांबच्याला जे हवं ते आपल्या हाताला लागणारच नसतं, त्यामुळे भांडण संभवत नाही. जवळच्याला जे हवं तेच आपल्याला हवं, आणि ते एकच असेल, तर तो आदर्श राहत नाही, आडवा येणारा होतो. जिरारने यासाठी लांबलचक फ्रेंच संज्ञा घडवल्या. आपल्याकडे एक शब्द तयार आहे: भाऊबंदकी.

शेताच्या बांधावरून चाललेली भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. पहिल्या वर्षी एकाचा नांगर बांध थोडा कोरतो. पुढच्या वर्षी दुसऱ्याचा नांगर दुसऱ्या बाजूने कोरतो. मोजणी, हरकत, तारखा. वीतभर जमिनीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसा वकिलाकडे जातो. एव्हाना बांध दोघांच्याही मनात उरलेला नसतो. 'त्याला मिळता कामा नये' एवढंच उरतं. जिरारचं निरीक्षण असं, की भांडण वाढतं तसे दोघे एकमेकांसारखे होत जातात. तोच वकिली डाव, तीच शिवी, तोच नवस. परक्याला दोघांतला फरक सांगता येत नाही, आणि त्या दोघांना मात्र फरकाशिवाय दुसरं काही दिसत नाही.

पुढे जाऊन तो म्हणतो की असं वैर समाजभर पसरलं की समाज एकाला बळीचा बकरा करतो आणि त्याला हाकलून किंवा मारून शांत होतो. धर्म, यज्ञ, पुराणकथा या सगळ्यांच्या मुळाशी हेच आहे. इथे तो फार ताणतो असं मला वाटतं. एका किल्लीने जगातली सगळी कुलपं उघडायला निघालेल्या माणसाबद्दल थोडं सावध असलेलं बरं. पण भाऊबंदकीपर्यंत तो अचूक आहे.

स्टॅनफर्डमध्ये त्याच्या विचारांनी भारावलेला एक विद्यार्थी होता, पीटर थील. २००४ मध्ये फेसबुकमध्ये बाहेरून पहिली मोठी गुंतवणूक याच थीलने केली, पाच लाख डॉलरची. माणसं एकमेकांकडे बघून काय हवं ते ठरवतात हे ज्याला पटलेलं आहे, त्याला माणसांनी दिवसभर एकमेकांकडे बघत बसण्याच्या जागेची किंमत आधी कळली असेल तर नवल नाही. पूर्वी लांबचे लांब असायचे आणि जवळचे जवळ. आता नटीचं स्वयंपाकघर आणि मावसबहिणीचं स्वयंपाकघर तळहाताएवढ्या एकाच काचेत, एकाखाली एक दिसतं. अंतरच मोडीत निघालं.

अर्थात फेसबुक नव्हतं तेव्हा काही माणसं संन्यस्त नव्हती. शंभर वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईच्या खात्यापित्या घरांतल्या बायका साडी कशी नेसावी, गजरा कुठे माळावा, दागिना कोणता घालावा हे कोणाकडे बघून ठरवत होत्या? एका पुरुषाकडे बघून. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. रंगभूमीवर त्यांनी आणलेली साडी नाटकातून घरात यायची. आता यातला पेच बघा. बालगंधर्व स्त्रीभूमिका करायचे, म्हणजे कुलीन घरातल्या स्त्रीचं बसणं-उठणं, लाजणं, पदर सावरणं नीट न्याहाळून ते रंगमंचावर उभं करायचे. त्या स्त्रिया प्रेक्षागृहात बसून ते बघायच्या आणि घरी जाऊन तसा पदर सावरायच्या. यातलं मूळ कोणतं आणि नक्कल कोणती? मला तरी सांगता येत नाही. पण कोणी म्हणालं की नकलेतून नवं काही निघत नाही, तर मी त्याला या पदराची गोष्ट सांगतो.

माणसं वरच्याचं बघून वागतात हे आपल्याकडे कोणी नव्याने सांगायची गरज नव्हती. 'एथ वडील जें जें करिती । तया नाम धर्मु ठेविती । तेंचि येर अनुष्ठिती । सामान्य सकळ ॥' हे ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात आहे. थोर जे करतील त्यालाच लोक धर्म म्हणतात आणि बाकीचे तसंच वागतात, म्हणून थोरांनी जपून वागावं, असा तिथला रोख आहे. याच गोष्टीकडे उलट्या बाजूने, खालून बघितलं तर काय दिसतं?

ते बघितलं एका पंचवीस वर्षांच्या मराठी विद्यार्थ्याने, न्यूयॉर्कमध्ये. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठाच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींच्या उगमावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. त्या निबंधातला एक महत्त्वाचा आधार आहे गाब्रिएल तार्द. हा फ्रान्समधल्या सार्ला या छोट्या गावी दंडाधिकारी होता. समाज चालतो तो अनुकरणावर, असं त्याने १८९० च्या ग्रंथात मांडलं होतं. त्याचे दोन नियम आंबेडकरांनी उचलले. अनुकरण वरून खाली वाहतं, हा एक. आणि अंतर जितकं कमी तितकं अनुकरण दाट, हा दुसरा.

आंबेडकरांचा युक्तिवाद थोडक्यात असा. जातीचं मूळ जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे. हे बंधन टिकवायचं तर नवरा गेलेल्या बाईचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. तिला दुसरं लग्न करू द्यावं तर जातीतल्या मुलीच्या वाट्याचा वर कमी होतो. त्यातून सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी आल्या. ब्राह्मणांनी आधी स्वतःभोवती कुंपण घातलं. मग इतरांपर्यंत ते कसं गेलं? कोणी हुकूम काढून लादलं, हे त्यांना पटत नव्हतं. एवढा मोठा समाज एका स्मृतिकाराच्या हुकमाने बदलत नाही. त्यांचं उत्तर होतं नक्कल. आणि पुरावा म्हणून त्यांनी अंतर मोजलं. ब्राह्मणांच्या अगदी जवळच्या जातींनी तिन्ही रूढी उचलल्या आणि कडक पाळल्या. जरा लांबच्यांनी सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह घेतला. आणखी लांबच्यांनी फक्त बालविवाह. सर्वांत लांबच्यांनी नुसती जातीवरची श्रद्धा. पाण्यात दगड टाकल्यावर लांब जाता जाता लाट उतरत जावी, तसं.

सगळ्यांनीच हौसेने नक्कल केली असंही ते म्हणत नाहीत. काहींनी दार लावून घेतलं, आणि बाकीच्यांना ते आपल्यासाठी बंद झालेलं आढळलं, हेही त्याच निबंधात आहे. आपल्या इच्छा उसन्या असतात म्हणताना आपण मोबाइल आणि साड्यांवर थांबतो. विधवेचं केशवपन ही देखील कधीतरी कोणाची तरी प्रतिष्ठेची खूण होती आणि ती इतरांना हवीशी वाटली होती, हे विसरून चालत नाही.

अकरा वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये, हेच आंबेडकर महाडला होते. मनुस्मृती जाळली गेली ती परिषद. त्या वेळी त्यांनी स्त्रियांसमोर वेगळं भाषण केलं आणि त्यात विषय काढला तो लुगड्याचा. तुमची लुगडं नेसायची पद्धत, ते गळ्या-हातांतले जड, स्वस्त दागिने, ही तुमच्या अस्पृश्यतेची ओळखचिठ्ठी आहे, ती टाकून द्या, असा त्यांचा सांगण्याचा भाग होता. आणि तिथे आलेल्या बायकांनी घरी जायची वाट पाहिली नाही; लुगडं खालपर्यंत सोडून, नव्या तऱ्हेने नेसून त्या महाडातच दिसू लागल्या.

याला वरच्यांची नक्कल म्हणायचं का? वरवर तसं दिसतं. पण अमुक जातीच्या बाईने लुगडं पोटरीच्या वरच नेसावं, तमुक धातूचाच दागिना घालावा, हे दंडक कशासाठी होते? नक्कल होऊ नये यासाठी. अनुकरण वरून खाली वाहतं हे वरच्यांनाही ठाऊक असतं, म्हणून ते मध्ये बांध घालतात. चपला घालून वाड्यावरून जायचं नाही, घोड्यावरून वरात काढायची नाही, मिशीला पीळ द्यायचा नाही. ज्या माणसाने १९१६ मध्ये ही यंत्रणा कागदावर उलगडली, त्याने १९२७ मध्ये तिचा नेमका कोणता खिळा काढायचा ते हेरलं, असं मला तरी दिसतं. नुसत्या साडीची घडी बदलून जात जात नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण लांबून बघून जात ओळखणं तर अवघड होतं.

आता जरा प्रयोगशाळेत डोकावू. २००५ मध्ये व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक खोका, आत खाऊ. दाखवणारा माणूस आधी वरच्या भोकात काठी खुपसतो, मग पुढचं दार उघडून खाऊ काढतो. खोका काळा असताना चिंपांझींनी दोन्ही कृती केल्या. मग तसाच पारदर्शक खोका आणला. आता उघड दिसत होतं की वरचं भोक खाऊपर्यंत जातच नाही. चिंपांझींनी काठीचा पहिला भाग सोडून दिला आणि सरळ दार उघडलं. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र दिसत असूनही वर काठी खुपसली, आणि मगच दार उघडलं.

म्हणजे माकड नक्कल करतं ही म्हण बदलायला हवी. माकड आपल्या कामापुरतं उचलतं. सगळंच्या सगळं उचलतं ते माणसाचं पोर.

हा मूर्खपणा वाटतो. तो का नाही, हे समजायला कसावा नावाचा कंद बघा. आपण उपासाला खातो तो साबुदाणा याच कंदाच्या पिठाचा. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा, तसाच बटाटा, तसाच शेंगदाणा. कोणे एके काळी कोणीतरी 'हे उपासाला चालतं' म्हणालं आणि सगळ्यांनी री ओढली. फराळाचं अर्धं ताट नकलेतून आलेलं आहे. असो. कडू कसाव्यात सायनाइड तयार होतं. अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या बायका तो किसतात, धुतात, पिळतात, चोथा आणि पीठ दोन दिवस ठेवून देतात, मग भाजतात. का, असं विचारलं तर उत्तर येणार, आमच्यात असंच करतात. समजा एखादी चौकस सून आली आणि म्हणाली, नुसता उकडला तरी कडूपणा जातो की, मग एवढा व्याप कशाला? तिचं खरं आहे. कडूपणा जातो, पोटही दुखत नाही. पण थोडं विष उरतं आणि ते वर्षानुवर्षं साठून अपाय करतं. इतक्या उशिरा होणाऱ्या अपायाचा संबंध कोणी त्या दोन दिवसांशी जोडणार नाही. पोर्तुगीजांनी हा कंद आफ्रिकेत नेला, पण त्यामागची ती सगळी खटपट बरोबर गेली नाही. नीट न मुरवलेल्या कसाव्याने पाय लुळे पडण्याचा आजार, कोन्झो, तिथल्या काही भागांत आजही होतो.

पिढ्यान्‌पिढ्या साठलेलं शहाणपण असं असतं. ते कोणा एकाच्या डोक्यात नसतं, कृतीत असतं, आणि कारण न कळता उचललं तरच पुढे जातं. काठी खुपसणारं पोर या अर्थाने चिंपांझीपेक्षा शहाणं. अडचण एवढीच, की सतीची चालही याच दारातून आत येते आणि साबुदाण्याची कृतीही. दोन्हींच्या कपाळावर 'आमच्यात असंच करतात' एवढंच लिहिलेलं असतं.

राहिला प्रश्न नवनिर्मितीचा. अस्सल कलावंत नक्कल करत नाही, हा समज बराच अलीकडचा असावा. आपल्या भाषेत तो मुरलेला दिसत नाही. आपण कित्ता गिरवतो. अक्षराला वळण लावतो आणि मुलालाही वळणच लावतो. गाणं तर 'गळ्यावर चढतं', म्हणजे गुरूने जागा घ्यायची, शिष्याने जशीच्या तशी घ्यायची, चुकली की पुन्हा. काही शिष्यांच्या गळ्यावर गुरूचा खाकराही चढतो. गुरू हात कानावर ठेवतो म्हणून शिष्यही ठेवतो. इथेही ती काठी वरच्या भोकात जातेच.

बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा याचं टोक होता. त्या काळच्या बड्या गवयांच्या तबकड्या ऐकून तो त्या हुबेहूब गाऊन दाखवायचा. समजून नव्हे, ऐकून. लोक थक्क व्हायचे, त्याचे जलसे व्हायचे, 'कुमार गंधर्व' हे नाव मिळालं तेही लहानपणीच. आरसा होता तो पोरगा. अकरा-बाराव्या वर्षी मुंबईत बी. आर. देवधरांकडे आला तेव्हा त्याला खरं गाणं शिकायला सुरुवात झाली. देवधर अनेक घराण्यांच्या चिजा गोळा करणारे, एकाच घराण्याची तटबंदी न मानणारे गृहस्थ. एकाच गवयाची नक्कल केली तर माणूस त्याची सावली होतो. दहा जणांची केली तर त्या दहांत कुठेतरी खटके उडतात, एकाची जागा दुसऱ्याच्या चालीत बसत नाही, आणि ते बसवताना जे हातून होतं त्याला पुढे लोक शैली म्हणतात. निदान माझी तरी अशी समजूत आहे.

मग क्षयाचा आजार आला. १९४८ च्या सुमारास कुमार देवासला राहायला गेले. एक फुप्फुस निकामी. डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं, आणि तसे ते सुमारे पाच वर्षं गात नव्हते. ज्याचा गळा जन्मभर ऐकलं की लगेच उमटवत आला होता, त्याला आता नुसतं ऐकायचं होतं. माळव्यातल्या बायका, भिक्षेकरी, बाहेरून जाणारे लोक गात जायचे. ते त्यांनी ऐकलं, टिपलं, आणि त्या धुनांत दडलेले राग शोधले. लगनगंधार, मालवती हे त्यांतले. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. नक्कल इथेही आहेच, फक्त कान आणि गळा यांच्यामध्ये पाच वर्षांचं अंतर पडलं.

बरे होऊन ते गायला बसले तेव्हा लांब श्वासाच्या तानांऐवजी छोटे, तुटक, एकदम उसळून येणारे तुकडे ऐकू आले. यात त्यांच्या विचाराचा भाग किती आणि एका फुप्फुसावर भागवण्याचा किती, यावर जाणकार अजून वाद घालतात. मैफलीत मात्र एक गोष्ट हमखास दिसते. पंचविशीतला, छाती भरून श्वास घेऊ शकणारा एखादा धडधाकट तरुण गायला बसतो, सूर लावतो, आणि मध्येच श्वास तुटल्यासारखा थांबून पुढचा तुकडा फेकतो. पहिल्या रांगेतले आजोबा मान डोलावतात आणि शेजाऱ्याच्या कानाशी लागतात, "कुमारांचा आहे हं."